१४ एप्रिलचा फळा : दिनविशेष कोणी लिहायचा?

आमच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी फळ्यावर दुसऱ्या दिवसाचा दिनविशेष लिहिला जातो. नववी-दहावीची मुले आळीपाळीने हे काम करतात. वर्तमानपत्रातून नाहीतर मोबाईलवरून चार ओळी उतरवतात आणि विषय संपतो. १३ एप्रिलची संध्याकाळ मात्र अशी सहज संपत नाही. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी एका मुलीने आम्हाला तिच्या शाळेतल्या फळ्याचा फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्यामुळे शाळेने आदल्या दिवशीच १४ एप्रिलचा दिनविशेष लिहून टाकला होता. टायटॅनिक हिमनगावर आदळले, १९१२. शास्त्रज्ञ हायगेन्स यांचा जन्म, १६२९. मुंबई गोदीत स्फोट, १९४४. मानवी जनुकांचा नकाशा पूर्ण, २००३. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावे तसे बारीक अक्षरात : डॉ. आंबेडकर जयंती, शाळेस सुट्टी.

मुलगी म्हणाली, "यात खोटं काहीच नाही. पण मला राग येतोय. का येतोय ते सांगता येत नाही."

आम्हालाही लगेच सांगता आले नाही. यादी सालानुसार म्हणावी तर टायटॅनिक हायगेन्सच्या आधी कसे? महत्त्वानुसार म्हणावी तर ज्या माणसाने या देशाच्या संविधानाचा मसुदा उभा केला तो सुट्टीच्या सूचनेत कसा? ही यादी कुठल्याच नियमाने केलेली नव्हती. जे आठवले ते वर आणि जे टाळता येत नव्हते ते खाली, एवढाच नियम. समाजशास्त्र शिकताना आम्ही एक गोष्ट शिकलो : जिथे नियम दिसत नाही तिथे सवय काम करत असते आणि सवय जातीपासून सुटलेली नसते.

त्याच आठवड्यात आपल्याच एका ग्रुपवर दुसऱ्या टोकाचा संदेश फिरत होता. अब्राहम लिंकन १४ एप्रिलला गेले आणि बाबासाहेब १४ एप्रिलला जन्मले, हा योगायोग नव्हे, गुलामांच्या मुक्तिदात्यानेच पुन्हा जन्म घेतला, अशा आशयाचा. खाली शेकडो निळे हात आणि जयभीम. मित्रांनो, शाळेच्या फळ्याचा आम्हाला राग आला, पण या संदेशाची लाज वाटली. आत्मा, पुनर्जन्म आणि अवतार यांना ज्या माणसाने आयुष्यभर नकार दिला, त्यालाच आपण कुणाचा तरी अवतार करून ठेवतो! शिवाय संदेशातली तारीखही चुकीची आहे. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती १४ एप्रिल १८६५ च्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात. त्यांचा मृत्यू झाला दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी.

तारखेत स्वतःचे असे काही नसते. वर्षाचे दिवस ३६५ आणि जगाचा इतिहास हजारो वर्षांचा, त्यामुळे कुठल्याही दिवशी काहीही सापडते. पण एका तारखेखाली आलेल्या दोन घटना शेजारी ठेवून त्यांना प्रश्न विचारता येतात. कोण मुक्त झाले? किंमत कोणी मोजली? नाव कोणाचे राहिले? म्हणून आम्ही ठरवले की १४ एप्रिलचा फळा आपण आपल्या पद्धतीने लिहायचा. त्यासाठी जे वाचले, जे वाद झाले, ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात १७७५ पासून. १४ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात गुलामगिरीविरोधी पहिली संघटना स्थापन झाली. स्थापना करणारे बहुतेक क्वेकर पंथाचे गोरे सद्गृहस्थ होते. दिनविशेषात ही ओळ आली तर एवढीच येते. पण ही मंडळी त्या दिवशी एकत्र आली त्यामागे एका स्त्रीचा खटला होता. डायना नेव्हिल तिचे नाव. तिला आणि तिच्या मुलांना विकत घेऊन दक्षिणेकडे नेले जात असताना फिलाडेल्फियात तिने उभे राहून सांगितले की मी स्वतंत्र स्त्री आहे, मला कोणी विकू शकत नाही. तिच्या बाजूने खटला उभा राहिला आणि असे आणखी किती लोक असतील, या प्रश्नातून संघटना जन्माला आली. म्हणजे पहिला आवाज सद्गृहस्थांचा नव्हता, तो डायनाचा होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता आणि पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता, पण पाणी प्यायले गेले ते १९२७ मध्ये, आपली माणसे तळ्यात उतरली तेव्हा. ठराव करणाऱ्यांचे ऋण आहेच, पण इतिहासाची सुरुवात उतरणाऱ्यांपासून मोजायची असते.

याच संघटनेचे पुढे १७८७ मध्ये अध्यक्ष झाले बेंजामिन फ्रँकलिन, विजेपासून इमारती वाचवणाऱ्या तडितरक्षकाचे जनक. संशोधकांच्या वाढदिवसाच्या याद्यांत ते हमखास असतात. त्यांच्या घरी आधी गुलाम होते, हे त्या याद्यांत नसते. म्हातारपणी १७९० मध्ये त्यांनी गुलामगिरी संपवा म्हणून अमेरिकन काँग्रेसकडे अर्ज केला, हेही नसते. आम्हाला दोन्ही गोष्टी फळ्यावर हव्यात. माणूस बदलू शकतो, हे सांगायचे तर तो आधी काय होता तेही सांगावे लागते.

लिंकनकडे परत येतो. त्यांना का मारले? गुलामांना मुक्त केले म्हणून, असे आपण सहज म्हणतो. पण तपशील पाहा. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली होती. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती काँग्रेसने जानेवारीतच मंजूर केली होती. ११ एप्रिलला लिंकन यांनी व्हाइट हाउसच्या खिडकीतून भाषण केले आणि त्यात पहिल्यांदा जाहीरपणे म्हटले की शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या काळ्या माणसांना मताचा अधिकार मिळावा, असे मला वाटते. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. हे याचे शेवटचे भाषण, असे तो तिथेच सोबत्याला म्हणाल्याची नोंद आहे. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली. बेडी तुटली याचा राग होताच, पण त्या हातात मतपत्रिका येईल या विचाराने बूथने पिस्तूल उचलले.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा शिक्षण नाही, मालमत्ता नाही, त्यांना मत कशाला, हाच सूर देशात होता. लिंकनसुद्धा शिकलेले आणि सैनिक एवढ्यापर्यंतच आले होते. बाबासाहेबांनी अशी अट मान्य केली नाही. सैनिकाची अट तर आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. सुभेदार रामजींचे घराणे लष्करातले, बाबासाहेबांचा जन्मच महूच्या लष्करी छावणीतला, १८९१ चा. आणि त्यांचे पाळण्यातले दिवस सरतात न सरतात तोच इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढणाऱ्याला हक्क देणारे राज्य उद्या तुम्ही लढवय्ये नाहीत असेही ठरवू शकते.

अमेरिकेतल्या या लढ्याशी आपले नाते बाबासाहेबांच्याही आधीचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला, त्यांना अर्पण केला. लिंकनच्या खुनाला तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसून एक माळी माणूस वॉशिंग्टनच्या घडामोडीत आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधतो, याला आम्ही खरा दिनविशेष म्हणतो. (योगायोगच मोजायचे असतील तर लिंकनचे ते शेवटचे भाषण फुल्यांच्या जन्मतारखेला, ११ एप्रिलला झाले होते. कृपया याचा संदेश करून फिरवू नये.)

आता हायगेन्स. खरे सांगायचे तर आमच्यातल्या काहींचे म्हणणे होते की हे नाव पुसूनच टाका, आपल्या दिवशी कुठला डच शास्त्रज्ञ? आम्ही पुसले नाही, कारण वाचत गेलो तसा हा माणूस आपल्या कामाचा निघाला.

ख्रिस्तियन हायगेन्स १४ एप्रिल १६२९ रोजी नेदरलँड्समधल्या हेग शहरात जन्मले. वडील राजघराण्याचे सचिव, कवी, घरात देकार्तसारख्या तत्त्वज्ञाची ये-जा. म्हणजे अगदी प्रस्थापित घर. पण या घरातला मुलगा काय करतो? भावाबरोबर बसून स्वतःच्या हाताने भिंगे घासतो. त्याच भिंगांच्या दुर्बिणीतून १६५५ मध्ये त्याने शनीचा उपग्रह टायटन शोधला आणि पुढे शनीभोवती कडे आहे हे ओळखले. १६५६ च्या अखेरीस त्याने लंबकाच्या घड्याळाची रचना केली आणि सालोमन कोस्टर या घड्याळजी कारागिराने ते घडवले. आधीची घड्याळे दिवसाला साधारण पंधरा मिनिटे चुकत, ती चूक आता काही सेकंदांवर आली. प्रकाश लाटांसारखा पुढे सरकतो ही मांडणीही त्याचीच, आजही बारावीच्या पुस्तकात त्याच्या नावाने शिकवली जाते.

सचिवाचा मुलगा भिंगे घासतो आणि कारागिराबरोबर बसून यंत्र घडवतो, या दृश्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्याच काळात आपल्याकडे काय होते? लोखंड तापवणारा लोहार होता, लाकडाची नस ओळखणारा सुतार होता, कातड्याचे रसायन हाताने जाणणारा चांभार आणि ढोर होता. त्यांच्या हातात जेवढे ज्ञान होते त्यातले एक अक्षरही कागदावर उतरू शकत नव्हते, कारण अक्षर त्यांना बंद होते. ज्यांना अक्षर खुले होते त्यांना राखेत, चिखलात, कातड्यात हात घालणे हे विटाळ वाटत होते. हात एका वाड्यात आणि पाटी दुसऱ्या वाड्यात. संशोधक जन्माला येणार कुठून? जात नुसती कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात दाखवले. आपल्या देशाला किती शोध मुकावे लागले याची मोजदाद कोणत्याच दिनविशेषात सापडणार नाही.

पण नेदरलँड्स काही बेगमपुरा नव्हता. हायगेन्सच्या शेजारच्या वस्तीत, व्होरबर्ग गावात, भिंगे घासून पोट भरणारा आणखी एक माणूस राहत होता, स्पिनोझा. युरोपातला एवढा मोठा तत्त्वज्ञ. स्वतःच्या ज्यू समाजाने त्याला १६५६ मध्ये बहिष्कृत केले होते. हायगेन्स यांना त्याची भिंगे फार आवडत. भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्या भिंगांची तारीफ केली आहे, पण तिथे स्पिनोझाचे नाव नाही. तिथे तो 'व्होरबर्गचा ज्यू' आहे. भिंग घ्यायचे, नाव घ्यायचे नाही. आपल्या आजोबांना गावात नावाने कितीजण हाक मारत होते, हे आठवून पाहा.

आणि हायगेन्सची घड्याळे चाचणीसाठी कुठल्या जहाजावर गेली? डच ईस्ट इंडिया कंपनीच्या. १६८६-८७ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या केपपर्यंत जाऊन आली. समुद्रावर जहाज नेमके कुठे आहे हे कळण्यासाठी अचूक वेळ लागते आणि त्या अचूकतेची गरज व्यापाराला होती. याच कंपनीने मलबार, कोरोमंडल आणि बंगालच्या किनाऱ्यांवरून माणसे विकत घेऊन केपला आणि बटाव्हियाला गुलाम म्हणून नेली. विज्ञान मुक्त करते, हे आपण म्हणतो ते खरेच आहे. पण जहाजात कोण बसले आहे आणि तळघरात कोण बांधले आहे, हे विज्ञान आपणहून विचारत नाही.

घड्याळाचे पुढे काय झाले ते गिरणगावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. वेळ मोजता आला की माणसाचे श्रम तासांनी मोजता येतात, पहाटेचा भोंगा वाजवता येतो, दोन मिनिटे उशीर झाला म्हणून पगार कापता येतो. पण तेच घड्याळ उलटे फिरवून मालकालाही विचारता येते : किती तास? इथे बाबासाहेब येतात, आणि इथेच आपल्याला आपल्या घरातली एक चूक दुरुस्त करायची आहे. बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठवर आणले, असे आपल्या प्रत्येक फलकावर असते. १९३४ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आधीच होती. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी जे दुरुस्ती विधेयक मांडले, त्यातून १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ही मर्यादा ४८ तासांवर आली. सहा दिवसांत वाटले की रोजचे आठ. हे काम लहान आहे का? मालकांच्या विरोधात, परकीय सरकारच्या मंत्रिमंडळात बसून, देशभरच्या कामगाराला आठवड्याचे सहा तास परत मिळवून देणे! खरा आकडा एवढा मोठा असताना आपण फुगवलेला आकडा का सांगतो? समोरचा एक आकडा खोटा ठरवतो आणि मग सगळाच इतिहास खोटा म्हणायला मोकळा होतो. हे आमच्याच एका व्याख्यानात आमच्याबाबत घडले आहे. सभेत उभ्या राहिलेल्या माणसाने कायद्याचे साल विचारले आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

टायटॅनिकवर फार लिहीत नाही, सिनेमा सगळ्यांनी पाहिला आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगावर आदळले. जहाजावर सुमारे २२०० माणसे आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाचले, तिसऱ्या वर्गातले साधारण पंचवीस टक्के. समुद्राला वर्ग कळत नव्हता, जिने आणि दरवाजे बांधणाऱ्यांना कळत होता. फळ्यावर एवढी एक ओळ घातली की टायटॅनिक आपल्या विषयात येते.

मुंबईच्या गोदीवर मात्र लिहायलाच हवे.

१४ एप्रिल १९४४, दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. बाबासाहेबांना त्या दिवशी ५३ वर्षे पूर्ण होत होती आणि ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. इंग्लंडमधून निघून कराचीमार्गे ते दोन दिवसांपूर्वी मुंबईत आले होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, त्यावर कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेल, लाकूड आणि सोन्याच्या १२४ विटा. स्फोटके आणि कापूस एका जहाजात! असे जहाज आले की त्यावर लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. दुपारी आग लागली. बंब आले, जवान पाणी मारत राहिले, गोदी रिकामी करण्याचा हुकूम निघाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. जळत्या कापसाचे गोळे मांडवी, मशीद बंदरच्या वस्त्यांवर पडले. आग विझायला दिवस लागले. हजारो माणसे बेघर झाली, हजारोंचा रोजगार गेला. युद्धकाळ म्हणून वर्तमानपत्रांवर निर्बंध होते, आपल्याच शहरातली बातमी मुंबईकरांना आठवडेच्या आठवडे नीट छापून मिळाली नाही.

अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आणि पुढे आठवडाभर सप्ताह पाळला जातो. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? भायखळ्याला जवान सलामी देत असतात तेव्हा आपण ढोलताशात असतो. आम्हीही असायचो.

पण आम्हाला अस्वस्थ करतो तो आकड्यांचा दुसरा भाग. जवान किती गेले, ६६, नक्की. सोन्याच्या विटा किती होत्या, १२४, नक्की, आणि त्यातल्या काही पुढे कित्येक वर्षांनी गाळ उपसताना सापडल्या तेव्हा त्यांचीही नोंद झाली. मेलेली माणसे किती? सरकारी आकडे सातशेच्या आसपास, इतर अंदाज तेराशेपर्यंत आणि त्याच्याही पुढे. एवढा फरक का पडतो? कारण गोदीतला हमाल रोजंदारीवर होता. सकाळी फाटकावर मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बोट नाही तर काम नाही. कोकणातून, घाटावरून आलेली ही माणसे, त्यांत आपली माणसे पुष्कळ. ज्याचे नाव हजेरीत पक्के नव्हते, तो मेला हे तरी पक्के कसे होणार? नोंद मालाची होती. माणूस मालाबरोबर हलणारी वस्तू होता. गोदी कामगारांची नोंदणी आणि कामाची हमी देणारा कायदा आला तो १९४८ मध्ये, स्फोटानंतर चार वर्षांनी.

वर्तमानपत्रांच्या याद्यांत असते 'मुंबई गोदीत भीषण स्फोट'. सहा-सात वर्षांच्या मुलालाही कळेल असे वाक्य, पण त्यात माणूस नाही. आमच्या फळ्यावर आम्ही लिहिले : मृत किती, नोंद नाही, कारण ते रोजंदार होते.

जनुकांच्या नकाशाची गोष्ट अशी. १४ एप्रिल २००३ रोजी मानवी जनुकसंच वाचण्याचा, १९९० मध्ये सुरू झालेला प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. (पूर्ण म्हणजे तेव्हा जमला तेवढा, उरलेले सुमारे आठ टक्के वाचायला २०२२ उजाडले.) कुठलीही दोन माणसे घ्या, त्यांच्या जनुकांचा मजकूर ९९.९ टक्के सारखा निघतो. रक्तशुद्धीच्या गप्पांना याहून मोठी चपराक नाही, असे आपण म्हणतो. पण आपल्यासाठी याहून मोलाची गोष्ट या विज्ञानातून दहा वर्षांनी निघाली. हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि हार्वर्डचे संशोधक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या उपखंडातले समूह एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि त्यानंतर ते मिसळणे थांबत गेले. लग्ने जातीत कोंडली गेली. जात अनादि नाही. ती एका काळी बसवली गेली.

आता १९१६ मध्ये जाऊ. कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांचा भीमराव आंबेडकर जातींच्या उगमावर निबंध वाचतो. रक्त, वंश, धंदा, ही तेव्हाची सगळी प्रचलित स्पष्टीकरणे बाजूला ठेवून तो म्हणतो की जातीचा कणा एकच, जातीच्या आतच लग्न करण्याची सक्ती. मूळचे समूह मिसळत होते, मग एका वर्गाने दार लावून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये तर मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली नाकांची मापे तपासून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, होता तो निरीक्षणाचा आणि तर्काचा सराव. संशोधकांच्या यादीत बाबासाहेबांचे नाव कोणी घालत नाही. आम्ही घातले आणि त्यासमोर शोध म्हणून लिहिले 'आंतरविवाहबंदी हे जातीचे यंत्र, १९१६'. एका शिक्षकमित्राने हरकत घेतली की हा शोध नव्हे, हा विचार. आम्ही विचारले, ९७ वर्षांनी प्रयोगशाळेत ज्याला पुष्टी मिळते त्याला काय म्हणायचे? तो वाद अजून चालू आहे.

आणखी दोन नावे. १४ एप्रिल १८६६ ला जन्मलेल्या अ‍ॅन सुलिव्हन. स्थलांतरित गरीब घरातली मुलगी, दृष्टी जवळजवळ गेलेली, अनाथालयासारख्या गरीबखान्यात बालपण. तिने हेलन केलरला हातावर अक्षरे लिहून भाषा दिली. दुसरे, १४ एप्रिल १९६३ ला दार्जिलिंगला गेलेले राहुल सांकृत्यायन. पांडे घराण्यात जन्म, मग आर्यसमाज, मग भिक्खू, मग साम्यवादी. या माणसाने १९२९ ते १९३८ च्या दरम्यान चार वेळा तिबेट गाठले आणि आपल्या भूमीतून नाहीशी झालेली बौद्ध हस्तलिखिते खेचरांवर लादून परत आणली, त्यांत धर्मकीर्तीचे 'प्रमाणवार्तिक' होते. जातीचा अभिमान हे बुद्धी मंदावल्याचे लक्षण, असे मानणारा हा धर्मकीर्ती बाबासाहेबांच्या तेराशे वर्षे आधीचा. नालंदेचे ग्रंथ आपल्याकडे उरले नाहीत, तिबेटच्या विहारांत उरले. राहुलजींचा स्मृतिदिन आपल्या विहारांत का पाळला जात नाही, हे आम्हाला कळत नाही. जयंतीच्या गडबडीत तो झाकला जातो, हे कारण आम्हाला पुरेसे वाटत नाही.

खुद्द जयंतीचीही गोष्ट आहे. पहिली सार्वजनिक जयंती १९२८ मध्ये पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी केली, असे चळवळीत सांगितले जाते. म्हणजे महाडच्या सत्याग्रहाला नुकतेच वर्ष झाले होते आणि मनुस्मृतिदहनाला काही महिनेच झाले होते तेव्हाची. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात २०१६ मध्ये ती साजरी झाली, महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा ज्ञान दिवस ठरवला, तामिळनाडूने २०२२ मध्ये समता दिन जाहीर केला. एकाच तारखेला एक राज्य ज्ञान म्हणते, दुसरे समता म्हणते. शाळेचा फळा सुट्टी म्हणतो.

यंदा आम्ही जयंती मंडळाच्या बैठकीत एक सूचना मांडली. १४ तारखेला दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी, रथ सजवण्याचे काम चालू असेल तेव्हा, स्पीकर एक मिनिट बंद ठेवायचा, गोदीतल्या माणसांसाठी. मतभेद झाले. एक ज्येष्ठ म्हणाले, बाबासाहेबांच्या वाढदिवशी शोक कशाला? दुसरे म्हणाले, ते मजूरमंत्री होते, त्यांनाच विचारले असते तर स्पीकर बंद करा म्हणाले असते. एकाने विचारले की मग लिंकनसाठीही थांबायचे का, आणि सगळे हसले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. निघताना साऊंडवाला पोरगा आमच्याजवळ आला. "बंद करतो मी, माझं काय जातंय," तो म्हणाला. "माइकवर सांगायला लागेल ना पण. किती माणसं गेली म्हणून सांगू?"